पर्वतीची उतरण

सदाशिव पेठेतील एका वाचक भगिनीचे पत्र गेल्या महिन्यात आम्हांस आले. त्यांचे मामंजी सत्तरीच्या उंबरठ्यावर आहेत. पहाटे उठून पर्वतीस जाण्याचा त्यांचा नेम तीस-पस्तीस वर्षांचा. परंतु गेल्या वर्षभरात तो हळूहळू सुटला. आरंभी चालताना पाय जड होऊ लागले, मग पोटऱ्यांत मुंग्या येऊ लागल्या, आणि पुढे तर शनिपारापासून विश्रामबागवाड्यापर्यंत जातानाही वाटेत दोनदा टेकावे लागे. घरच्या मंडळींनी प्रथम वयावर बोट ठेवले, नंतर आळसावर. अखेरीस एमआरआय काढला, तो अहवालात 'लंबर कॅनॉल स्टेनोसिस' असे शब्द, आणि त्यांच्या मागे 'तीव्र' हे विशेषण! तेव्हापासून घरात दोन पक्ष पडले आहेत. थोरले दीर म्हणतात, शस्त्रक्रिया ताबडतोब करावी, नाहीतर पाय जातील. आत्याबाई म्हणतात, मणक्याला चाकू लागला की माणूस पुन्हा उठत नाही. सबब तेल लावून स्वस्थ पडून राहावे. मामंजी स्वतः काहीच बोलत नाहीत. दिवसभर खिडकीशी बसून असतात. "ह्या दोहोंत खरे कोणाचे?" असा भगिनींचा प्रश्न आहे.

आमचे उत्तर असे की, दोहोंपैकी कोणाचेच नाही. आम्ही वैद्य नव्हे, शाळामास्तर. तेव्हा रोग्याला स्वतः हात लावून पाहणाऱ्या डॉक्टरांची जागा आम्ही घेऊ इच्छीत नाही. परंतु डॉक्टरांपुढे जाऊन बसण्यापूर्वी घरातील माणसांस काय ठाऊक असावे, एवढे सांगण्यास हरकत नसावी.

प्रथम हे दुखणे म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे 'मणक्यात गॅप आला' असा एक शब्दप्रयोग सर्रास ऐकू येतो. वस्तुतः येथे प्रकार उलट आहे. असलेली जागाच कमी झालेली असते. कण्याच्या मणक्यांमधून वरपासून खालपर्यंत एक पोकळ नळी गेलेली आहे. मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू ह्या नळीतून उतरतो व कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. तेथून खाली पायांकडे, मूत्राशयाकडे व गुदाकडे जाणाऱ्या नसांचा झुपका तेवढा राहतो. पाश्चात्त्य शरीरशास्त्रज्ञांनी त्यास लॅटिन भाषेत घोड्याच्या शेपटीचे नाव दिले. आपल्या ग्रंथांतून त्याचे सरळ 'अश्वपुच्छ' असे भाषांतर झाले आहे, आणि ते अगदी चपखल आहे. वय वाढते तशा मणक्यांमधल्या गाद्या झिजून बाहेर फुगतात, मागचे सांधे जाड होतात, आणि मणक्यांस आतून बांधणारा पिवळा बंधही जाडावतो. तिन्ही बाजूंनी असे आक्रमण झाले की अश्वपुच्छास अडचण होते. हॉलंडातील युट्रेख्त येथील शस्त्रवैद्य हेंक व्हर्बीस्ट ह्यांनी १९५४ साली ह्या विकाराचे विस्तृत वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून त्यास वैद्यकात स्वतंत्र स्थान मिळाले.

आता ह्या दुखण्याची खूण पाहा. ती पर्वतीच्या वाटेवरच सापडते. पर्वतीच्या पायऱ्या १०३. चढताना माणूस स्वभावतः पुढे झुकतो. उतरताना तोल सावरण्यासाठी तो मागे रेलतो. सदऱ्याची बाही कोपरापाशी दुमडली की तिला जशा चुण्या पडतात, तद्वत कंबर मागे गेली की आतला जाड बंध चुणी होऊन नळीत शिरतो आणि वाट अधिकच अरुंद होते. पुढे वाकले की तोच बंध ताणला जाऊन सपाट होतो व वाट मोकळी होते. म्हणूनच ह्या रोग्यास चढण त्या मानाने सुसह्य वाटते, आणि उतरण नकोशी होते. उभे राहणे जड जाते, परंतु बसले की दोन-चार मिनिटांत बरे वाटते. चार पावले चालणे कठीण. पण सायकलीच्या दांडीवर ओणवून तो मैल-दोन मैल जाऊ शकतो. पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून प्रसिद्ध होते; त्या काळातील कित्येक वृद्धांचे हे दुखणे सायकलीमुळे झाकून राहिले असेल, असे आम्हांस वाटते.

येथे एक भेद नीट ध्यानात ठेवावा. पायांच्या रक्तवाहिन्या कोंदल्यामुळेही चालताना पोटऱ्यांत गोळे येतात. विशेषतः धूम्रपान करणाऱ्यांस व मधुमेह्यांस. पण तो रोगी नुसता उभा राहिला तरी त्याचे दुखणे थांबते. त्यास बसावे किंवा वाकावे लागत नाही. सायकल चालवतानाही त्याचे पाय दुखतात. दोन्ही विकारांचे उपाय निराळे असल्यामुळे डॉक्टर पायांच्या नाड्या हाताने चाचपून पाहतात. त्यांनी ते केले नसेल तर नम्रपणे आठवण करून द्यावी.

ही खूण आम्हांस फार उशिरा कळली, आणि त्याची खंत आजही आहे. आमचे एक ज्येष्ठ सहकारी होते. संध्याकाळी आम्ही चार-पाच शिक्षक फिरावयास निघालो की हे गृहस्थ दर शंभर पावलांवर थांबत, वाकत आणि चपलेचा पट्टा चाचपत. "आता नवीन चपला घ्याच!" म्हणून आम्ही त्यांची थट्टा करीत असू. त्यांच्या कंजूषपणावर एकाने श्लोकही रचला होता. ते हसत, पण पुढे त्यांनी आमच्याबरोबर येणे सोडले, मग कट्ट्यावर येणे सोडले, आणि शेवटी घराबाहेर पडणेच सोडले. चपलेचा पट्टा धड होता. वाकल्याने पायांस आराम पडतो हे त्यांच्या शरीराने त्यांस शिकविले होते, आणि ते सांगण्याची लाज वाटत असल्यामुळे त्यांनी चपलेचे निमित्त केले होते. ह्या विकाराने मृत्यू येत नाही. पण माणसाचे जग मात्र एक एक गल्ली करीत आवळत जाते. पत्रातील मामंजी खिडकीशी बसले आहेत, हे वाक्य वाचताच आम्हांस ते सहकारी आठवले.

आता अहवालाविषयी. 'तीव्र' हा शब्द वाचून थोरल्या दिरांच्या पोटात गोळा उठणे साहजिक आहे. परंतु १९९० साली अमेरिकेत एक मोठी बोधप्रद पाहणी प्रसिद्ध झाली. पाठीचे कसलेही दुखणे नसलेल्या ६७ माणसांचे एमआरआय काढले, तो साठीच्या पुढील माणसांपैकी शेकडा २१ जणांच्या कण्यात अशी अरुंद वाट दिसली; आणि कसला ना कसला दोष तर शेकडा ५७ जणांत आढळला. ही सारी माणसे कंबर दुखत नसताना आनंदाने हिंडत होती! तात्पर्य, छायाचित्र नळीचे असते, माणसाचे नव्हे. किती चालवते, कोठे दुखते, पायांची शक्ती व संवेदना कशी आहे, ह्यांच्याशी ताडून पाहिल्यावरच अहवालास अर्थ येतो. शिवाय हा रोग बहुधा घोडदौडीने वाढत नाही. कित्येकांची प्रकृती वर्षानुवर्षे आहे तशीच राहते, आणि काहींची तर सुधारतेही. तेव्हा 'ताबडतोब' ह्या शब्दाची बहुतेकांस गरज नसते. ज्यांस असते त्यांच्याविषयी पुढे सांगू.

आत्याबाईंच्या 'पडून राहावे' ह्या सल्ल्याचे काय? तो सल्ला प्रेमाचा आहे, पण हिताचा नाही. हेलसिंकी नगरपालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांवर केलेला एक प्रयोग १९९५ साली प्रसिद्ध झाला. कंबर नव्याने धरलेल्या ह्या माणसांपैकी काहींस दोन दिवस अंथरुणात ठेविले, काहींस व्यायाम दिला, आणि काहींस सांगितले की सोसेल तितपत नेहमीची कामे करीत राहा. सर्वांत लवकर बरे झाले ते तिसरे. उसण भरलेल्या तरुणाची ही गोष्ट. मग सत्तरीच्या माणसाचे काय सांगावे! अंथरुणात त्याच्या मांड्या हां हां म्हणता वाळतात, तोल जातो, आणि पुढे पडून खुब्याचे हाड मोडण्याचे भय उभे राहते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या डिसेंबरात जुनाट कंबरदुखीविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. २०२० साली जगातील सुमारे ६१ कोटी ९० लाख माणसांस कंबरदुखी होती, असा तिचा हिशोब आहे. हे मार्गदर्शन साध्या कंबरदुखीपुरते असले तरी आपल्या घराघरांतील दोन समजुती त्याने मोडीत काढल्या, म्हणून ते येथे सांगतो. कमरेस पट्टा बांधणे आणि पायांस वजन लावून कणा ताणणे, ह्या दोन्ही गोष्टी नित्याचा उपचार म्हणून करू नयेत, असे ते सांगते; आणि व्यायाम, दुखण्याची नीट समजूत करून देणे, मसाजासारखे हस्तोपचार व मनाचे साहाय्य ह्यांस ते अनुकूल आहे. पट्टा प्रवासापुरता बांधला तर बिघडत नाही. पण तो अंगवळणी पडला की पोटाचे व पाठीचे स्नायू आपले काम विसरतात.

मग करावे काय? पहिला उपाय चालणे हाच, परंतु युक्तीने. दुखणे असह्य होईपर्यंत ओढत नेऊ नये आणि दुखेल ह्या भीतीने घरीही बसू नये. पाय जड होऊ लागले की असह्य होण्यापूर्वीच बाकावर बसावे, दोन मिनिटे पुढे ओणवावे, आणि पुन्हा निघावे. पर्वतीच्या पायथ्याशी सारसबागेत बसावयास बाक आहेत. पर्वतीचा नेम सुटलेल्यास तो नेम तेथे चालवता येईल. हातात काठी घ्यावी व किंचित पुढे झुकून चालावे. काठीची लाज कसली? पंढरीच्या वाटेवर दिवेघाट चढणारा म्हातारा वारकरीही ती हाती घेतोच. ज्यांस रस्त्यावर सायकल चालवणे आता शक्य नाही, त्यांनी घरात एका जागी उभी असलेली व्यायामाची सायकल चालवावी.

दुसरा उपाय व्यायाम. पाठीवर निजून गुडघे छातीशी घेणे, म्हणजे आपले पवनमुक्तासन, ह्याने नळीची वाट मोकळी होते. त्याच्या जोडीला पोटाच्या, नितंबांच्या व मांड्यांच्या स्नायूंस बळ देणारे व्यायाम फिजिओथेरपी जाणणाऱ्याकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावे. चार-सहा दिवसांत गुण येत नाही म्हणून सोडू नये; दोन-तीन महिने नेमाने केल्यावाचून परीक्षा होत नाही.

आसनांचा विषय निघाला की पुण्याच्या माणसास बी. के. एस. अय्यंगार ह्यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. १९३७ साली, वयाची विशीही गाठली नव्हती तेव्हा, डेक्कन जिमखान्यावर योगासने शिकवण्यास ते पुण्यास आले आणि पुण्याचेच झाले. बालपणी ते स्वतः रोगांनी जर्जर होते. भिंतीचे दोर, पट्टे, लाकडी ठोकळे, लोड, खुर्च्या ह्यांच्या आधाराने अशक्त माणसासही आसन साधावे, ही त्यांची दृष्टी. १९७५ साली त्यांनी शिवाजीनगर भागात रमामणि अय्यंगार स्मृति योग संस्था स्थापिली, आणि २०१४ साली ते ह्याच शहरी निवर्तले. त्यांच्या पद्धतीची परीक्षा परदेशात झाली. जुनाट कंबरदुखीच्या ९० रोग्यांवर अमेरिकेत २४ आठवडे केलेला प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात नेहमीच्या उपचारांपेक्षा ह्या आसनांनी दुखणे व अडचण अधिक कमी झाल्याचे दिसले. आपल्या शहराचा हा अभिमान खरा. पण त्याबरोबर दुसरेही सांगितले पाहिजे. २०११ साली २२८ रोग्यांवर झालेल्या अमेरिकेतीलच दुसऱ्या एका प्रयोगात योगवर्ग आणि साधे ताण देण्याचे व्यायाम हे दोन्ही सारखेच गुणकारी ठरले. म्हणजे गुण नेमाने केलेल्या हालचालीत आहे. ती कोणत्या नावाने करावी हे ज्याच्या त्याच्या आवडीवर आहे.

मात्र येथे एक सावधगिरीची सूचना. वाट अरुंद झालेल्याने मागे वाकण्याची आसने, जसे भुजंगासन, धनुरासन, उष्ट्रासन, आपल्या बुद्धीने करू नयेत. आपल्या घराण्यांतून सूर्यनमस्कार वंशपरंपरेने चालत आले आहेत, औंधाच्या राजांनी त्यांचा हिरिरीने प्रसार केला. परंतु त्यांतही कंबर मागे टाकण्याच्या स्थिती आहेत. त्या सौम्य करून किंवा गाळून घ्याव्या. उलटपक्षी ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत, विशेषतः वृद्ध स्त्रिया, त्यांनी जोराने पुढे वाकणेही टाळावे. मणका चेपला जाण्याचे भय असते. सबब आसने शिकावी ती आपला अहवाल वाचणाऱ्या शिक्षकाकडे.

तेल-शेकाविषयी आत्याबाईंस आम्ही निराश करू इच्छीत नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील २८ वा अध्याय वातव्याधींचा आहे. त्यात नितंबापासून क्रमाने पायापर्यंत उतरत जाणाऱ्या वेदनेस 'गृध्रसी' म्हटले आहे. आजच्या ह्या विकाराशी ती तंतोतंत एकच आहे असे नव्हे. परंतु आपल्या पूर्वजांचे निरीक्षण किती बारीक होते हे त्यावरून दिसते. कोमट तिळतेलाचे अभ्यंग व शेक ह्यांनी आखडलेले स्नायू सैल होतात, आणि घरचे कोणीतरी जवळ बसून पाय चोळते हेही औषधच आहे. अरुंद नळी तेलाने रुंद होत नाही एवढे जाणून ते खुशाल करावे, आणि मग उठून चालावयास जावे. पायांस मुंग्या वा बधिरपणा असणाऱ्यांनी शेक बेताने घ्यावा, कारण भाजलेले त्यांस कळत नाही. निनावी पुड्या व भस्मे मात्र घेऊ नयेत; पुष्कळदा त्यांत स्टेरॉइड वा जड धातू मिसळलेले असतात.

डॉक्टरी औषधांविषयीही विवेक हवा. दाहशामक वेदनाहर गोळ्या थोडे दिवस उपयोगी पडतात. पण वृद्धांच्या मूत्रपिंडांस व जठरास त्या अपाय करितात आणि रक्तदाब वाढवितात. नसांसाठी म्हणून देतात त्या गोळ्यांनी झापड व घेरी येते. रात्री उठताना पडणे ओढवते. कण्यातील स्टेरॉइडच्या इंजेक्शनाविषयी २०१४ साली ४०० रोग्यांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. सहा आठवड्यांनी पाहिले तो, स्टेरॉइडसह बधिर करणारे औषध टोचलेल्यांत आणि नुसतेच बधिर करणारे औषध टोचलेल्यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. एखाद्यास त्याने काही काळ आराम पडतो; त्यावर भिस्त मात्र ठेवू नये.

आता शस्त्रक्रियेस न्याय देऊ. २०१५ साली पिट्सबर्ग येथील प्रयोग प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेस तयार असलेल्या, पन्नाशीच्या पुढील १६९ रोग्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन भाग केले. एकास शस्त्रक्रिया, दुसऱ्यास व्यायामोपचार. दोन वर्षांनंतर दोन्ही भागांची हिंडण्या-फिरण्याची शक्ती सारखीच आढळली. पण हेही सांगितले पाहिजे की व्यायामाच्या ८२ रोग्यांपैकी ४७ जणांनी ह्या मुदतीत शस्त्रक्रिया करून घेतलीच. ह्यावरून आम्ही एवढेच काढतो की, आधी व्यायाम मनापासून करून पाहण्यात बहुधा काही गमावत नाही. आणि तो करूनही चालणे सुटत गेले, तर शस्त्रक्रिया हा पराभव नव्हे.

परंतु काही लक्षणे दिसताच विलंब करू नये. लघवी अडणे किंवा लघवी-शौचावरचा ताबा जाणे, बैठकीच्या जागी बधिरपणा येणे, पाय झपाट्याने दुबळा होणे किंवा पाऊल लोंबू लागणे; ही दिसल्यास त्याच दिवशी, मध्यरात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. थोरल्या दिरांचा 'ताबडतोब' हा शब्द येथे खरा. तसेच संध्याकाळचा ताप, वजन घटणे, रात्री निजल्यावरही न थांबणारी वेदना ही असल्यास मणक्याचा क्षय वा अर्बुद तर नाही ना, हे शोधून घ्यावे. आपल्या देशात क्षयाची शंका कधीही विसरू नये.

शेवटी भगिनींस चार शब्द. औषधोपचार डॉक्टर सांगतील. घराने करावयाचे ते असे. गणपतीच्या आरतीस मामंजींसाठी खुर्ची मांडावी, आणि ती सर्वांआधी, न सांगता. माळ्यावरचे डबे त्यांस काढावयास लावू नये. हात वर करून मागे वाकणे त्यांस बाधते. निजताना गुडघ्यांखाली उशी द्यावी, किंवा कुशीवर पाय दुमडून निजू द्यावे. आणि रोज संध्याकाळी नातवंडांपैकी एकाने त्यांच्याबरोबर सारसबागेत जावे. ते बाकावर बसले की मुलानेही बसावे. "आजोबा, चला ना" म्हणून हात ओढू नये. पहिल्या दिवशी दोन बाकांची मजल झाली तरी पुष्कळ. दोनांचे तीन झाले की आम्हांस अवश्य कळवावे.